आईशेजारची जागा

आई : ...कंबर धरली म्हणतोस, मग मघाशी पलंगाखाली वाकून चप्पल कोणी काढली?

पाळक : तेव्हाच धरली गं. वाकलो आणि कट् झालं.

आई : कट् झालं! आणि ओरडला नाहीस तो? लहानपणी बोटात कुसळ गेलं तर गल्ली गोळा करायचास.

पाळक : आई, रविवारची सकाळ आहे, माझ्या मागे लागू नकोस. तू जा चर्चला, भक्तीला. तुझी सून कधीच पुढे गेलीय. तिला सांग, दुखतंय म्हणून पडलोय.

आई : माझ्या तोंडून खोटं वदवतोस? तेही रविवारी? कंबर नाही, पोटात दुखतंय तुझ्या.

पाळक : माझ्या? ते कशासाठी?

आई : आज उपदेशाला पुलपिटावर तू नाहीस, तो ठिणग्यावाला उभा राहणार म्हणून.

पाळक : ठिणग्यावाला काय म्हणतेस? वर्षअखेर आपण मायदेशी गेलो की तो इथला पाळक होणार आहे.

आई : मी प्रेमाने म्हणते. तू मात्र आठवडाभर ‘तो वेल्डर, तो वेल्डर’ करतोयस, ते काही प्रेमाने नाही.

पाळक : इथल्या मंडळीने त्याला निवडलं तेव्हा सगळ्यांच्या आधी हात मीच वर केला होता.

आई : हात वर गेला आणि तोंड खाली आलं. बघत होते मी. अरे, तिकडच्या आपल्या मंडळीने तुला एवढ्या लांब पाठवलं ते कशाला? रोज रात्री जेवणाआधी डोळे मिटून काय मागायचास? ‘देवबापा, या लोकांमधलाच एक माणूस उभा कर, म्हणजे आमचं इथलं काम झालं.’ अकरा वर्षं मागितलंस. इतकं लांबवून मागायचास की जेवण गार व्हायचं. आता त्याने दिलं, तर तू डोक्यावर पांघरूण घेतलंस. त्याला काय वाटत असेल?

पाळक : खरं सांगू? देईल असं वाटायचं. पण मी इथे असताना, माझ्या डोळ्यांदेखत देईल असं नव्हतं वाटलं.

आई : म्हणजे तू गेल्यावर द्यायचा होता. तुझ्या सोयीने.

पाळक : हसू नकोस. त्याला मी आणलं गं या वाटेवर. हरवलेल्या मेंढराचा उपदेश केला होता मी, त्याच रविवारी तो पहिल्यांदा येऊन मागच्या बाकावर बसला. हाताला काजळी तशीच. ढसाढसा रडत होता. माझ्या त्या एका उपदेशाने माणूस फिरला.

आई : असेल बाबा. मला काय कळतंय उपदेशातलं.

पाळक : आणि आता मी तिथे जाऊन करू काय? खुर्च्या मांडू?

आई : मांड की. मी नाही मांडत? चल, ऊठ, चहा ओतून घे. किटली जपून धर, कडी तापते.

पाळक : या घरात एक भांडं धड नाही. किटलीला जोडाचा डाग लावलेला, कढईच्या कानाला डाग, बादलीच्या कडीला डाग. हिची नेहमीची तक्रार, सासूबाईंच्या हातात लोखंडसुद्धा टिकत नाही.

आई : म्हातारा हात. निसटतं. दार वाजलं बघ. तू नको उठू हं, तुझी कंबर धरलीय. मी उघडते.

वेल्डर : पाळकसाहेब! बाईसाहेब म्हणाल्या अजून घरीच आहात. घंटा व्हायची वेळ झाली. काय झालं?

आई : सुरू झालं यांच्या भाषेत. मला सांगत जा रे एकेक.

पाळक : काही विशेष नाही. कंबर जरा धरलीय. आज मला येता यायचं नाही. तुम्ही व्हा पुढे.

वेल्डर : अरे देवा! मग मी जाऊन सांगतो, आज उपदेश नाही. दोन गीतं म्हणू आणि घरी जाऊ.

पाळक : असं कसं? तुमची तयारी झालीय ना?

वेल्डर : तयारी? बायको म्हणते, झोपेतसुद्धा उपदेश करत होतात. पण साहेब, मी उभा राहणार तो तुमच्याकडे बघून. आमच्या कामात कसं, काचेतून एकाच ठिकाणी बघायचं असतं. नजर हलली की हात हलला, जोड वाकडा. तुम्ही समोर नसलात तर मी बघू कुठे? तोंड उघडायचं नाही माझं.

आई : काय म्हणतोय? त्याचा चेहरा का उतरला?

पाळक : कसं वाटतंय म्हणून विचारतोय.

आई : एवढं लांबलचक? त्याला म्हणावं, हा नाटक करतोय, ठणठणीत आहे.

वेल्डर : माई काय म्हणाल्या?

पाळक : चहा घ्या म्हणाली.

वेल्डर : पण त्या तर तुमच्याकडे बोट दाखवून, कमरेवर हात ठेवून वाकून दाखवतायत. आता उड्यासुद्धा मारल्या.

पाळक : आई! हातवारे बंद कर, त्याला सगळं कळतंय!

आई : कळावं म्हणूनच करतेय. माझं आणि त्याचं पहिल्यापासून असंच चालतं.

वेल्डर : कळलं मला. साहेब, मला राग नाही आला, देवाशपथ नाही. तुमचं घर आहे ते पुलपीट म्हणजे. तुम्हीच उभे राहा आज. मला कसली घाई? तुम्ही गेल्यावर बघू. उलट माझा जीव भांड्यात पडेल.

पाळक : नको. तसं करू नका.

वेल्डर : मनापासून म्हणतोय.

पाळक : तेच तर. मनापासून म्हणताय म्हणूनच लाज वाटली मला. तुम्ही जा, दारं उघडा. येतो मी.

वेल्डर : आणि कंबर?

पाळक : बरी झाली. मीच आडवा आलो होतो, कमरेचा काही दोष नाही.

वेल्डर : आमेन! साहेब, एक विनंती होती. मला शास्त्र फारसं येत नाही. माझ्यावर गुदरलं तेवढंच सांगणार आहे. त्यात तुमच्याबद्दल एखादी गोष्ट आली तर मनाला लावून घेऊ नका.

पाळक : नाही हो. जा तुम्ही, मंडळी आली असेल.

आई : गेला? आता सांग, खरं काय बोलला?

पाळक : म्हणाला, तुम्ही नाही आलात तर मी तोंड उघडणार नाही. तुम्हीच उभे राहा म्हणाला.

आई : बघ! म्हणजे तुझ्या या लोळण्यापायी सगळ्या वर्षांच्या मागण्यावर पाणी पडलं असतं. मग? तू काय म्हणालास?

पाळक : येतो म्हणालो. मागे बसेन, दाराजवळ.

आई : दाराजवळ कशाला? माझ्या शेजारी बस.

पाळक : तिसऱ्या बाकावर? सगळे बघत राहतील.

आई : बघू देत. अरे, मला एकदा तरी उपदेश ऐकायचाय.

पाळक : म्हणजे? दर रविवारी ऐकतेस की.

आई : आवाज ऐकते. तुझा आवाज चढला की समजते, पाप आलं. खाली आला की क्षमा आली. आमेन कधी म्हणायचं ते पुढच्या बाईच्या खांद्यावरून ओळखते. शब्द म्हणशील तर एक कळत नाही. मला बाजारापुरतं येतं, दूध, मीठ, केवढ्याला, नको. तुझा उपदेश काही दूधमिठावर नसतो.

पाळक : अगं, पण तू कधी बोलली नाहीस!

आई : कुणाला बोलू? तू वर उभा. सून गीतांना पेटी वाजवते आणि उपदेश सुरू झाला की मुलांना घेऊन मागच्या खोलीत जाते. माझ्या कानात सांगायला होतं कोण? घरी आल्यावर विचारायचे, आज काय सांगितलंस रे? जेवता जेवता म्हणायचास, ‘तेच गं, प्रीतीबद्दल.’

पाळक : मी असं म्हणायचो?

आई : दर रविवारी. तक्रार नाही करत मी. तुझे बाबा गेले, तू म्हणालास चल माझ्याबरोबर, मी निघाले. रोज मुलाचं तोंड दिसतं, या परक्या लोकांनी जीव लावला, दुखलंखुपलं तर दारात चार माणसं उभी राहतात. मी आभारच मानते उठता बसता. पण आज पहिल्यांदा माझा मुलगा रविवारी मोकळा आहे. तो दिवस कशाला कमरेवर घालवतोस?

पाळक : माझा कोट कुठाय?

आई : खुर्चीवर. मी कालच झटकून ठेवलाय.

(चर्चमध्ये, पुढून तिसरं बाक. गीतं संपून वेल्डर पुलपिटावर उभा आहे. मायलेक कुजबुजतात.)

आई : सरक इकडे. उजव्या कानाशी बोल, डावा कामातून गेलाय. काय म्हणतोय?

पाळक : म्हणतोय, माझे पाय लटपटतायत. बरं झालं पुलपीट लाकडाचं आहे, लोखंडाचं असतं तर खणखण वाजलं असतं.

आई : हे सगळे हसले तेव्हाच सांगायचंस ना! आता मी एकटीच हसतेय.

पाळक : हळू हस. म्हणतोय, माझी मुलगी तापाने गेली तेव्हा मी दुकान उघडायचो, पण मशीन लावत नव्हतो. आत अंधारात बसून राहायचो.

आई : बसायचा. पाहिलंय मी.

पाळक : शेजारपाजारचे समजूत घालून गेले. पाळकसाहेब तेव्हा नवीन होते, तेही आले.

आई : तू गेला होतास?

पाळक : गेलो होतो.

आई : मग? एवढा वेळ बोलला तो, आणि तू गप्प!

पाळक : आभार मानतोय माझे.

आई : पुढची बाई तोंडाला पदर लावल्यासारखा हात लावून हसतेय, आणि म्हणे आभार मानतोय. गाळू नकोस रे. सगळं सांग.

पाळक : म्हणतोय, साहेब आमची भाषा नुकतेच शिकत होते. मांडी घालून तासभर बोलले. मला एक अक्षर कळलं नाही. पण बोलून बोलून माणूस इतका घामाघूम झाला, की शेवटी मीच उठून त्यांना पाणी दिलं.

आई : अगं बाई! बरं, बरं. नाही हसत. पुढे?

पाळक : पुढे तुझ्याबद्दल बोलतोय.

आई : चल, काहीतरीच.

पाळक : अगं खरंच. म्हणतोय, मग एक म्हातारी बाई आली. हातात बादली, कडी तुटलेली. मी मान हलवली, काम बंद आहे. ती हलेना. रिकामा तेलाचा डबा पालथा घालून उंबऱ्याशी बसली. बोलली काही नाही. शेवटी ही उठून जावी म्हणून मशीन लावलं आणि कडी जोडून दिली. दुसऱ्या दिवशी कढई घेऊन हजर, कान तुटलेला. मग तव्याची मूठ. मग किटली.

आई : हातातून निसटायचं.

पाळक : म्हणतोय, लोखंड आपोआप तुटलं तर कसं तुटतं ते मला कळतं. किटलीच्या कडीवर हातोडीचे घाव होते.

आई : म्हणजे त्याने ओळखलं होतं? लबाड! इतक्या वर्षांत दाखवलंन नाही कधी.

पाळक : आई, तू भांडी फोडत होतीस?

आई : हळू! तुझी बायको मागच्याच खोलीत आहे.

पाळक : पण का गं?

आई : त्या रस्त्यावर सगळे बोलायचे आणि मला काही कळायचं नाही. तो एकटा गप्प होता. त्याच्याशी माझं जमलं. त्याच्या पोरीचं मला तेव्हा माहीतच नव्हतं रे. मला वाटलं, धंदा बसलाय बिचाऱ्याचा, गिऱ्हाईक नाही. म्हटलं, आपण देऊ काम.

पाळक : म्हणतोय, किटलीवरचे घाव बघितले आणि मुलगी गेल्यानंतर पहिल्यांदा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वाटलं, माझ्या हातांनी काम करावं म्हणून कुणीतरी आपलं घर मोडतंय. रविवारी ही बाई जाते कुठे, ते बघायला तिच्या मागोमाग निघालो, आणि येऊन मागच्या बाकावर बसलो.

आई : मेंढराच्या दिवशी.

पाळक : हो. मेंढराच्या दिवशी.

आई : मनाला लावून घेऊ नकोस. थोडंफार मेंढराचंही ऐकलंच असेल त्याने.

पाळक : नाही लागलं गं. खरंच नाही. मी तिथे वर उभा राहून मागत होतो, आणि देवाने इथे तिसऱ्या बाकावरून काम करून घेतलं. मला कधी दिसलंच नाही. फार दिलं त्याने आपल्याला, आई. फार दिलं.

आई : ते आहेच. पण हा बोलायचा का थांबला? आणि सगळे माना वळवून माझ्याकडे का बघतायत? पदर सरकलाय का माझा?

पाळक : म्हणतोय... म्हणतोय, माईंना सगळं कानात सांगून होऊ दे, मग मी पुढे बोलतो. कितीही वेळ लागू दे.

आई : अरे, मग रडतोस काय? मंडळी खोळंबलीय सगळी. डोळे पूस आणि सांग.