पडून बघितलेला एडिटर

(कळंबच्या एका दूध संघाचं ऑफिस, १९८७चा उन्हाळा. द्वारका कॉम्प्युटरपुढं बसलीय. तिचे वडील कोंडिबा भाकरी द्यायला आलेत आणि जायचं नाव घेत नाहीत.)

कोंडिबा : आदी दात दाखव.

द्वारका : आबा, एडिटरला दात नसतात. बैल नाही तो. ज्यात प्रोग्रॅम लिहितात ती पाटी म्हणा.

कोंडिबा : मग पाटी एक बास की. दोन कशाला?

द्वारका : मशीनबरोबर दोन आलेत. एड आणि व्हीआय. संघाचे चेअरमन आण्णासाहेब म्हणाले, एकच ठेवा, सगळे तोच शिकतील. चारला येणारेत. दुधाच्या बिलाचा प्रोग्रॅम चालला तर ठीक, न्हायतर मशीन परत आणि मी तुमच्यासंगं खडी फोडायला.

कोंडिबा : तुला येत न्हाय खडी फोडायला. लहानपणी बघितलंय. एड कसा हाय?

द्वारका : मागितली तेवढीच ओळ दाखवतो. चुकलं की नुसतं प्रश्नचिन्ह टाकतो.

कोंडिबा : काय चुकलं?

द्वारका : ते सांगत नाही.

कोंडिबा : तुझी आई.

द्वारका : आबा!

कोंडिबा : चांगलंच म्हणतोय. त्याच्यावरच संसार झाला. दुसरा?

द्वारका : अख्खं पान दाखवतो. पण त्याच्या दोन तऱ्हा. एकीत दाबलेलं अक्षर उमटतं, दुसरीत तेच अक्षर हुकूम होतं. 'डी' दोनदा दाबलं की सगळी ओळ खातो.

कोंडिबा : खातो व्हय? म्हंजी दात हायत.

द्वारका : ...हायत.

कोंडिबा : सकाळधरनं कशात लिहितीस?

द्वारका : त्यातच. पण भरवसा वाटत नाही.

कोंडिबा : परंड्याच्या बाजारात बैल घ्यायच्या आदी म्या गाडी पळवायचो आन् मदीच खाली पडायचो.

द्वारका : मुद्दाम?

कोंडिबा : मग! थांबला तर घ्यायचा.

द्वारका : आणि नाही थांबला तर?

कोंडिबा : चालत यायचं. हे लाल बटन कशाचं?

द्वारका : मेन स्विच. आबा, हात काढा. आबा! सकाळपासनंचं अजून सेव्ह—

कोंडिबा : (बटन दाबून) पडलो.

द्वारका : गेलं! आबा, सगळं गेलं! आता चारला मी काय दाखवू? तुमचं बटन?

कोंडिबा : रडू नगं, बाई. चालू कर. मागं वळायला बैलाला बी वेळ लागतो.

द्वारका : बैल नाही तो! ...थांबा. पत्र आलंय.

कोंडिबा : कुणाचं?

द्वारका : मशीनचंच. म्हणतंय, 'बंद पडायच्या वेळी तुमच्या फाइलची प्रत जपून ठेवलीय.' व्हीआयनं ठेवली! मागवते... आली. आबा, आली! शेवटची ओळ तेवढी अर्धी आहे.

कोंडिबा : पडल्यावर तेवढं खरचटायचंच.

द्वारका : आण्णासाहेबांनी विचारलं हाच का, तर?

कोंडिबा : सांग, बापानं पडून बघितलाय.

द्वारका : हसतील.

कोंडिबा : हसू दे. हसलेला माणूस लगीच मशीन परत करत न्हाय. भाकर खा आता. तुझ्या आईनं ठेचा दिलाय.

द्वारका : आबा, आईला बघायला गेलात तेव्हा पण पडला होता का?

कोंडिबा : व्हय.

द्वारका : मुद्दाम?

कोंडिबा : न्हाय. तवा खरंच पडलो.