नऊ गुणांचा माणूस

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष अधीक्षक मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती मोठ्या सिस्टर, त्यांचे यजमान, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे दाराशी ताटकळलेले अपघात विभागातील माझे सहकारी,

सिस्टरांच्या शिस्तीबद्दल सगळे बोलले. मी एका दुपारबद्दल बोलणार आहे.

जखमांना गुण देण्याची पद्धत आपल्याकडे मी आणली. प्रत्येक जखमेला तिच्या गांभीर्याप्रमाणे आकडा द्यायचा, शरीराच्या तीन भागांतल्या सर्वांत वाईट जखमांच्या आकड्यांचे वर्ग करून बेरीज करायची. बेरीज जितकी मोठी, तितकी जगण्याची आशा कमी. मला तिचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

बारा वर्षांपूर्वी शिडीवरून पडलेला एक रंगारी आला. मांडीचं हाड मोडलेलं, बाकी काही दिसत नव्हतं. गुण नऊ. त्याच्या मुलीला मी म्हणालो, "काळजी करू नका, बाबा वाचणार." ती निर्धास्तपणे त्यांचा चष्मा आणायला घरी गेली.

तासाभराने सिस्टर आल्या. "सर, पोट परत बघता का? सारखं पाणी मागतायत, नाडीही पळतेय."

"हाड मोडल्यावर पळणारच. नऊ गुणांवर कोणी जातं का, सिस्टर?"

त्या पुन्हा आल्या. तेव्हाही मी उठलो नाही. तिसऱ्यांदा त्यांनी मला हाताला धरून नेलं, तोवर पोट फुगलं होतं. यकृत फाटलं होतं. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच ते गेले. खरी बेरीज पंचवीस होती. जी जखम मी शोधलीच नाही, तिला गुण कुठून मिळणार?

मुलगी चष्मा घेऊन आली. "त्यांना याच्याशिवाय दिसत नाही हो," एवढंच म्हणाली.

चौकशी समितीसमोर मी म्हणालो, "विभागाकडून मला वेळेत कळवलं गेलं नाही." सिस्टर समोरच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांच्या सेवापुस्तकात ठपक्याची नोंद झाली, बढती चार वर्षं लांबली. मी मात्र विभागप्रमुख झालो.

सिस्टर, तुम्ही तीनदा सांगितलं होतं. मॅडम, हे मी आज सकाळी लेखीही दिलं आहे. फार उशीर केला, हे मला ठाऊक आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. सिस्टरांकडे मात्र मी क्षमा मागत नाही. आजच्या दिवशी तरी त्यांना माझ्यासाठी काही करावं लागू नये.