तांबड्या बोक्याला झालेली शिक्षा

शपथेवर सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे, थोडं मी घातलंय.

शेजारच्या आबांची मांजर काळी-पांढरी-तांबडी. तिला तीन पिल्लं झाली, तिन्ही बोके आणि तिन्ही तांबडे. आबा गडग्यापलीकडून ओरडले, "रंग बघ! ही तुझ्याच बोक्याची करणी. पोत्यात घालून सोडून येतो त्याला."

मी दापोलीला शेतकी शिकणाऱ्या लेकीला फोन लावून स्पीकरवर ठेवला. ती म्हणाली, "आबा, पिल्लू बोका असलं की तांबडा रंग आईकडूनच येतो. बाप काळा असो नाहीतर पांढरा. रंगावरून आमच्या बोक्याला धरू नका."

"बापाचा संबंध नाही?" आबा भडकले. "माझ्या तिन्ही मुलांना माझंच नाक आहे. ते काय बायकोनं माहेराहून आणलं?"

दुसऱ्या दिवशी बोका गायब. विचारलं तर आबा म्हणाले, "सावर्ड्याला सोडला. बाजार आहे, उपाशी नाही मरायचा."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आबा, देवानं नाकात घातलेलं थोडं सामान वर डोक्यात घालायला हवं होतं!"

आठव्या दिवशी बोका सावर्ड्याहून चालत परत आला आणि थेट आबांच्या आरामखुर्चीत झोपला.

हे परत येणं तेवढं मी रचलंय. सावर्ड्याला तीनदा जाऊन हाका मारून आलो, बोका काही दिसला नाही. आणि आबा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला पिल्लं दाखवून म्हणतात, "रंग बघा!"