डोनर पायजे, स्ट्राँग पायजे

...आणि वर मलाच म्हणतात, महादूशेठ, तुम्ही उगाच घाबरता! मी घाबरलो न्हाय हां, तुम्हाला सांगतो, नुसता चहाचा कप हातातून पडला. पडणार न्हाय तर काय? सकाळी ओटीवर चहा पीत बसलोय, आणि आतमधी माझी पोरगी करिष्मा, कॉलेजात केमिस्ट्रीची पीएचडी करते ती, फोनवर कुणाला तरी सांगतेय, "अरे, एक्सेप्टर मस्त हाय, आपला डोनरच वीक निघाला. स्ट्राँग डोनर पायजे. न्हाय मिळाला तर माझा हाय ना, माझाच वापरू. उद्याच करून टाकू."

माझाच वापरू! म्हणजे काय वापरू? बाईकचं पेट्रोल हाय का ते?

आता मी आमच्या गावातच, पूर्ण्याला, गोदामाच्या गेटवर वॉचमनच्या ड्युटीला. आमच्याच शेतात गोदाम झालं, आता आपल्याच बांधावर खुर्ची टाकून आपणच लोकांना विचारायचं, कुठं चाललात म्हणून... ते जाऊ दे. तर तिथं एक ट्रकवाला उभा होता, यूपीचा, शहाणा माणूस वाटला. त्याला सहज विचारलं, भैया, ये डोनर क्या होता है? तो दात कोरत बोलला, "चाचा, डोनर मतलब जिसका निकालते हैं." आणि एक्सेप्टर? "जिसको लगाते हैं." आणि क्या निकालते हैं? त्याने बोलायच्या जागी नुसता कमरेवर हात ठेवला. मी घाबरलो न्हाय हां, फक्त त्याला न तपासताच गेट उघडलं, आणि त्यावरून सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्या.

घरी येऊन बायकोला सांगितलं, हौसा, पोरीची किडनी चालली. हौसा भाकरी थापत होती, ती मान वर न करता बोलली, मंग विचारा की तिला. विचारा! बोलायला काय जातं? विचारलं आणि ती हो बोलली तर? माझी पोरगी लहानपणापासून तसलीच, डबा दुसऱ्याला देऊन उपाशी घरी येणारी. तर मी विचारलं न्हाय. मी सरळ वज्रेश्वरीला गेलो, देवीसमोर उभा राहिलो आणि बोललो, आई, माझ्या पोरीचं काहीबी कुणाला जाऊ देऊ नको. काहीबी म्हटलं, म्हणजे सगळं त्यात आलं. घाबरून न्हाय हां, ड्युटी सुटली होती म्हणून गेलो.

दुसऱ्या दिवशी करिष्मा बोलते, "आई, आज खायला नको, तशीच जाते." झालं! ऑपरेशनला उपाशीपोटीच नेतात, एवढं मलाबी कळतं. ती रिक्षात बसली, मी स्कूटर काढून मागं. अंजूरफाट्याला कंटेनर आडवा, लोक हॉर्न मारतायत, आणि मी हेल्मेटमधी देवीचं नाव घेतोय. कॉलेजात शिरलो, पाटी वाचत वाचत धावलो, दार ढकललं तर आत माझी पोरगी, पांढरा कोट, हातात मोजे, आणि बाजूला एक दांडगा पोरगा, त्याचाबी पांढरा कोट. मी पोरीच्या पुढं जाऊन उभा राहिलो आणि बोललो, "डॉक्टर, माझी काढा. डोनर पायजे ना? मी हाय."

तो दांडगा पोरगा दोन पावलं मागं सरकला. मंग करिष्माच बोलली, "बाबा, काय काढू?"

सांगितलं तिला सगळं. ती हसली का रडली, मला समजलं न्हाय. मला स्टुलावर बसवलं आणि दोन छोट्या बाटल्या आणल्या. एकीत पाण्यासारखं, एकीत फिक्कट पिवळं. हा डोनर बाबा, मीच बनवलेला, आणि हा एक्सेप्टर. एकात एक ओतलं... तापवलं न्हाय, ढवळलं न्हाय, आणि डोळ्यांदेखत कोकमासारखं लालभडक! ती बोलली, डोनर आपल्यातलं थोडंसं एक्सेप्टरकडं सरकवतो, सगळं देत न्हाय. दोघं आपापल्या जागी तसेच राहतात, नुसते जवळ आले की उजेड वेगळा पितात, म्हणून रंग बदलतो. डोनर बदलला की रंगबी बदलतो, आपल्याला पायजे तो आणता येतो. पुढं मोबाईलच्या पडद्याला वगैरे कामाला येईल म्हणे. आता पडदा कसलाबी होऊ दे, किडनी जागेवर हाय ना? मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

आणि तिथंच तो दांडगा पोरगा पुढं आला. पाण्याचा ग्लास दिला, वाकून नमस्कार केला. करिष्मा बोलली, "बाबा, हा भाविक." एवढंच. नुसते शेजारी उभे होते हो दोघं. तापवलं न्हाय, ढवळलं न्हाय... आणि माझ्या पोरीचे गाल बघतो तर कोकम!

भाविक बोलला, "काका, रविवारी आईला घेऊन घरी येऊ का?"

मी घाबरलो न्हाय हां. ग्लास आधीच खाली ठेवला होता. ये बोललो, काय बोलणार? पोरगा चांगला हाय, डोळ्यांत बघून बोलतो. पण येताना स्कूटरवर तो ट्रकवाला आठवला. डोनर मतलब जिसका निकालते हैं. आता कन्यादानाला पाटावर कोण बसतं, सांगा तुम्ही? मीच ना? करिष्माला बोललो तर म्हणते, "बाबा, डोनर सगळं देत न्हाय, सांगितलं ना?" ते तिच्या बाटलीत असेल. माझं काय? किडन्या तरी दोन असतात हो... पोरगी एकच हाय.