शालिनीने त्या शिबिरात विचारलेला प्रश्न

मंडळी, तुम्ही सगळे आलात. राजापूरहूनही माणसं आली आहेत. मला बोलणं जड जातंय. रडू येतंय म्हणून नाही, राग आवरत नाही म्हणून.

शालिनी गेली. या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी, वर्षानुवर्षं माझ्या शेजारच्या टेबलाशी बसणारी शालिनी. तिचं काम उंदरांच्या प्रोस्टेट ग्रंथीवर. पुरुषी संप्रेरक थांबलं की ती ग्रंथी आक्रसते. परत दिलं की वाढते. सोबत स्त्रीसंप्रेरकही दिलं, तर सूज येते, पेशी वेड्यावाकड्या वाढतात. हे ती सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. आणि तुम्ही काय म्हणायचात? बाईमाणसाला हाच विषय सापडला? स्टाफरूममध्ये म्हणायचात. मी ऐकलंय.

मग संस्थेच्या अध्यक्षांच्या ओळखीच्या एका माणसाने याच सभागृहात शिबिर लावलं. पन्नाशीपुढच्या पुरुषांना ताकदीचं इंजेक्शन. शालिनी उभी राहिली. म्हणाली, "यात कोणतं संप्रेरक आहे?"

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, ते तुमचे उंदीर. ही माणसं आहेत."

"म्हणूनच विचारते. उंदरांवर काय होतं ते मी पाहिलंय. माणसांवर तुम्ही काय पाहिलंय?"

उत्तर म्हणून हशा आला.

रांगेत माझा थोरला भाऊ होता, पालीहून आलेला. तिने त्याला सगळ्यांदेखत विचारलं, "दादा, लघवीला अडतं का? मग हे घेऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा."

दादा तसाच उठून घरी आला. मला म्हणाला, "जनाची नाय, मनाची तरी हाय काय त्या बायला?" पण इंजेक्शन घेतलं नव्हतं. मी त्याच्या मागे लागून कोल्हापूरला तपासून घेतलं. प्रोस्टेटचा कॅन्सर, सुरुवातीचा. ऑपरेशन झालं, बरा झाला. दादा, तू तिकडे मागे बसलायस. तिला कधी एक शब्द बोललास? रस्त्यात दिसली की मान फिरवायचास.

आणि कॉलेजने काय केलं? दादाच्या मागोमाग बाकीचेही रांगेतून उठले, शिबिर गुंडाळावं लागलं, त्याचा राग तिच्यावर काढला. वासाची तक्रार आली म्हणे. तिची उंदरांची खोली बंद झाली. तक्रार कोणी केली? मी एकेकाला विचारत फिरले. कोणी हूं की चूं केलं नाही.

ती मला म्हणाली, "अगं, माझं अर्धवट राहिलेलं दुसरं कोणीतरी पुरं करील." आणि मग रडली. निवृत्त होईपर्यंत अकरावीला पेशीची रचना शिकवत राहिली, दुसरं काही तिला करू दिलं नाहीत.

आत्ता माझ्याआधी अध्यक्ष म्हणाले, मॅडम आमच्या संस्थेचं भूषण होत्या. साहेब, खोलीला कुलूप घातलंत तेव्हा हा शब्द कुठे होता?

शालिनी, मी तुला हात जोडते.

बाकीच्यांनो, उभे राहा. गप्प राहणं तुम्हाला चांगलं जमतं. आज निदान तिच्यासाठी दोन मिनिटं राहा.