अंधेरीत तोंड सरळ करून मिळेल

शेवंती : परत सांग. तोंडात हात घालता तो?

सुलक्षणा : हात नाही गं आत्या. दोन बोटं. आधी रबरी मोजे चढवतात. मग टाळूला आतून दाब देतात आणि दुसऱ्या हाताने कानामागे धरतात. अगदी हलका दाब.

जयवंत : रबरी मोजे चढवतो म्हणजे डॉक्टरच झाला की.

सुलक्षणा : जयवंत, तू गप्प बस. विषय तुझ्या मुलीचा आहे म्हणून तुला भांडुपला आणलं. टिंगल करायला नाही.

शेवंती : टिंगल माझी झाली काल, ती कोणी केल्यान? बारा दिवस तेच्या चेडवाक आंघोळ घालतंय. काल नाहूराक गेलंय, तर तेची बायल कुंदा दारात उभी. म्हणता, "आत्या, आजपासून मीच घालीन." माझी तेलाची वाटी माझ्या हातात दिल्यान आणि दार ओढून घेतल्यान. माका वाटला, चेडू आजारी आसा. जिन्यात खालची बाई सांगता, नणंदेन मना केल्यान.

सुलक्षणा : केली मी मनाई. लपवत नाही. सर म्हणाले...

शेवंती : सर.

सुलक्षणा : शिवदास सर म्हणाले, माझं तोंड वाकडं आहे ते जन्मापासूनचं नाही. कवटीत बावीस हाडं असतात. तान्ह्या मुलात ती अजून जुळलेली नसतात. अडाणी हाताने दाबली की एखादं सरकतं. मग जबडा, नाक, डोळा, सगळं त्याच्यामागे ओढलं जातं. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, लहानपणी कोणी डोकं दाबायचं का? मी म्हटलं, हो. माझी आत्या.

शेवंती : माझा नाव पण सांगलंस?

सुलक्षणा : नाव कशाला सांगू? घरात बाळ झालंय म्हटलं, तर म्हणाले, महिन्याच्या आत घेऊन ये. म्हणजे तिचं माझ्यासारखं होणार नाही.

जयवंत : हे मला आज कळतंय. माझी दोन आठवड्यांची पोर त्या माणसाकडे न्यायची, हे तू आणि कुंदाने परस्पर ठरवलंत? अगं, तो जोगेश्वरीला व्यायामशाळेत पाठी रगडायचा. आमच्या फोटो लॅबमधला नंदू जायचा तिकडे. तेव्हा त्याला कवटीत किती हाडं असतात ते सोड, पाठीत किती ते माहीत नव्हतं.

सुलक्षणा : त्यानंतर शिकले ते. भिंतीवर सर्टिफिकेट आहे. इंग्लंडचं.

जयवंत : इंग्लंडला कधी गेला?

सुलक्षणा : टपालाने केला कोर्स.

शेवंती : टपालान? हाडा बसवूची विद्या पोस्टमन आणून देता?

जयवंत : पाकिटात एकेक हाड यायचं असणार.

सुलक्षणा : हसा. तुम्हाला काय. तिथे येऊन बघा एकदा. किती शांत असतं. टेपवर बासरी चालू असते. टेबलावर प्लास्टरची कवटी, एकेक हाड वेगळ्या रंगाने रंगवलेलं. सर डोकं नुसतं हातात धरून बसतात दहा-दहा मिनिटं. हाडं हलतात म्हणतात, श्वासासारखी. त्यांच्या हातांना कळतं.

शेवंती : मेलेल्याची कवटी टेबलावर ठेवून जित्या माणसाचो इलाज. बरा आसा. आणि माझी नाय हलत गो हाडा. बघ, हात लाव. त्रेपन्न वर्सा एका जाग्यार आसत.

सुलक्षणा : तुला नाही कळायचं. तुझं सगळं शास्त्र तेलाच्या वाटीत. नाक चिमटीत धरून ओढायचं, कपाळ दाबायचं, मोहरीच्या उशीवर निजवायचं, झालं डोकं गोल. कोणी शिकवलं? सासूने. तिला कोणी शिकवलं? तिच्या सासूने. एकीने तरी कधी विचारलं का, आत काय असतं?

शेवंती : आत काय असता ता इचारून तुझो शिवदास काय करता? तू खाताना कट्ट असो आवाज येता, तो कसलो? मगाशी भाकरी सोडलंस पानात. माका दिसता.

सुलक्षणा : तो चौथ्या बैठकीपासून येतोय. चावताना थोडं दुखतं. सर म्हणाले, चांगली खूण आहे. हाड आपली जागा शोधतंय.

शेवंती : जागा शोधता? भाड्याची काय पागडीची?

जयवंत : मुंबईत मिळायची नाही म्हणावं. विरारला बघ.

सुलक्षणा : जयवंता, तुला आठवतं, शाळेत मला काय म्हणायचे? तू पण म्हणायचास. मी वर्गाच्या फोटोत दर वर्षी मागे, मान वळवून. नोकरी लागली, काउंटरवर बसवलं. गालावर हात ठेवून बसायचे, तरी दोन वर्षांत साहेबांनी आत रेकॉर्ड रूममध्ये घातलं. म्हणाले, बाई, लोक अवघडतात. मी तिथे नऊ वर्षं फायली लावतेय. आणि हा माणूस पहिल्या दिवशी माझं डोकं हातात धरून म्हणाला, ह्यात तुमचा काही दोष नाही. मी रडले तिथे. तेहेतीस वर्षांत हे मला कोणी म्हणालं नव्हतं. तू नाही, आत्या नाही, आईसुद्धा नाही.

जयवंत : बरं. ते झालं. पण म्हणून माझी पोर तिकडे?

सुलक्षणा : फरक पडलाय म्हणून. नुसतं बोलत नाही मी. हे बघ. हा जूनमधला फोटो, पहिल्या बैठकीच्या आधीचा. आणि हा गेल्या आठवड्यातला. सर स्वतः काढतात. मागे तारीख घातलीय.

जयवंत : मी दिवसभर घाटकोपरला लोकांची तोंडंच छापतो. रविवारी नको.

शेवंती : हडे दी. माका चष्मो दी... ह्यो जूनातलो. आणि ह्यो आताचो. माका दोन्हीयांत तू सारखीच दिसतस.

सुलक्षणा : नीट बघ ना. जूनमध्ये तोंड कसं ओढलेलं आहे, अनोळखी बाई असल्यासारखं. आणि ह्यात बघ, किती सरळ. मी पाकिटात घालून फिरते हा.

शेवंती : पदर उजव्या खांद्यार कधीपासून घेतस?

सुलक्षणा : काय?

शेवंती : पदर गो. ह्या फोटोत तुझो पदर उजव्या खांद्यार आसा. अशी साडी नेसता कोण आपल्यात?

सुलक्षणा : मी नेहमीसारखीच नेसले होते. डाव्या. तीच साडी नेसून या म्हणाले होते, तुलनेला बरं पडतं म्हणून.

जयवंत : दाखव इकडे. दोन्ही दे.

सुलक्षणा : काय झालं?

जयवंत : उलटा छापलाय. निगेटिव्ह पालथी घातली की असं होतं. आमच्याकडे नवीन पोरं करतात, शिव्या खातात. डावं ते उजवं होतं. पण थांब. ही बट बघ कानावरची. जूनच्या फोटोत डाव्या कानावर तीन केस सुटलेत. ह्यात उजव्या कानावर. तेच तीन. ब्लाउजची ही चुणी, तीच. सुले, हा दुसरा फोटो नाहीच. जूनचाच आहे. पालथा घालून छापलेला.

सुलक्षणा : गेल्या आठवड्यात त्यांनी कॅमेरा समोर धरला होता. क्लिक झालेलं मी ऐकलं.

जयवंत : क्लिक काय, रिकाम्या कॅमेऱ्याचं पण होतं.

सुलक्षणा : मग मला हा सरळ का दिसतो? खोटं नाही सांगत. खरंच सरळ दिसतो.

जयवंत : कारण तू स्वतःला रोज आरशात बघतेस. आरशात डावं-उजवं उलट दिसतं. त्याची सवय झालेली. फोटोत खरं तोंड आलं की ते परकं वाटतं, जास्तच वाकडं वाटतं. सगळ्यांचं होतं. लग्नाचा अल्बम न्यायला आलेल्या बायका रोज भांडतात, मी अशी नाहीच म्हणून. पालथा छापून दिला की खूश. तो माणूस हाडांत ढ असेल, पण ही गोष्ट त्याला बरोबर ठाऊक आहे. आत्याला दोन्ही सारखेच वाकडे दिसले, कारण तिला तुझ्या आरशाची सवय नाही.

शेवंती : रांडेचो चोर.

जयवंत : झकास धंदा आहे यार. ना औषध, ना सुई. एक प्लास्टरची कवटी, एक बासरी, आणि फोटो पालथा. चला, निकाल लागला. आत्या, उद्यापासून तू परत यायचं. कुंदाला मी बघतो. आणि सुले, तू उद्या त्या जबड्याचं दाताच्या खऱ्या डॉक्टरला दाखव.

शेवंती : येतलंय. माका राग नाय. चेडू माझ्या हाताक बरा सरावला हा.

सुलक्षणा : थांबा.

जयवंत : आता काय?

सुलक्षणा : त्याने फसवलं. मान्य. मी मूर्ख, सात वेळा तोंड उघडून पडले त्याच्यासमोर. पण तो चोर निघाला म्हणून माझं तोंड सरळ नाही झालं. ते आहे तसंच आहे. मग ते कशाने झालं? आत्या, तू सांग. मला पहिल्या दिवसापासून तूच पायावर घेतलंस. मी जन्मले तेव्हा तोंड असं होतं?

शेवंती : तुझ्या बापाशीच्या आवशीवर गेलंस तू.

जयवंत : आजीचा फोटो आहे घरात. तोंड सरळ आहे तिचं.

शेवंती : फोटोचा काय सांगतस माका. आताच बघलंय फोटो काय करतत ते.

सुलक्षणा : आत्या, माझ्याकडे बघ. होतं का?

शेवंती : ...नाय.

सुलक्षणा : नव्हतं?

शेवंती : तोंड सरळ होता. डोक्या मागसून एका अंगान चपटा होता, बस. परळच्या खोलीत झालंस तू. मी वीस वर्सांची. माझी सासू हाताखाली घेऊन शिकवी माका. तुझा पयलाच डोक्या माझ्या हातात दिल्यान. "दाब," म्हणता, "हाड कोवळा आसा तवर दाब. असा काय गोंजारतस?" मी दाबलंय. तू रडत होतंस, ती म्हणे, रडला की फुप्फुस मोठा होता. चाळीस दिवस दाबलंय. तिसऱ्या म्हयन्यात तुझी आवस म्हणाली, रडताना पोरीचा तोंड एका बाजूक जाता. मी म्हटलंय, घराण्यातला आसा. सासू पण तसाच म्हणाली. मगे सगळीच म्हणूक लागली.

सुलक्षणा : म्हणजे त्याचं ते एक खरं होतं.

शेवंती : तेका काय कळता. वाकडा तोंड दिसला की लहानपणी कोणीतरी दाबला म्हणूचा, दहांत एक लागू पडताच. आणि दाबल्यानच झाला काय, ता माका पण ठावक नाय. देवाशपथ ठावक नाय. एखादी शीर जन्मताच कमजोर असात. डॉक्टर सांगात. पण मी कोणाक इचारूकच नाय. इचारला आणि तो हो म्हणालो, तर?

जयवंत : आत्या, तू किती मुलांना आंघोळ घातलीस आजवर?

शेवंती : दोनशे असतली. भांडुपातली अर्धी.

जयवंत : आणि सगळ्यांना सांगायचीस, माझा हात लागला म्हणून नाक सरळ आलं, डोकं गोल आलं.

शेवंती : सांगत इलंय. जी सरळ झाली ती माझ्या हातान. जी झाली नाय, ती तेंच्या घराण्यान. ह्याच सांगान पोट भरलंय मी.

जयवंत : मग अंधेरीवाल्यात आणि तुझ्यात फरक काय? त्याने फोटो पालथा घातला. तू दोष आजीवर पालथा घातलास. तेहेतीस वर्षं ही बाई गालावर हात ठेवून बसली, आणि तू दर गणपतीला हिच्या पानात मोदक वाढत होतीस.

शेवंती : फरक काय नाय झिला. तो पैशासाठी करता, मी पोटाबरोबर मानासाठी पण करी.

जयवंत : आणि माझ्या पोरीचं? बारा दिवस? दाबलंस?

शेवंती : नाक. आणि थोडा कपाळ. जोर नाय लावूक. आता मी जोर नाय लावत.

जयवंत : आता नाही लावत. मेहेरबानी. सुले, ऊठ. कुंदाने दार ओढून घेतलं ते बरोबरच केलं. उद्या दवाखान्यात नेतो पोरीला, आणि ह्यापुढे ही बाई उंबरठ्याच्या आत येणार नाही.

सुलक्षणा : बस खाली.

जयवंत : तू तिची बाजू घेतेस? तू?

सुलक्षणा : बाजू घेत नाही. मला हिचा एवढा राग आलाय की बोलायला नको. पण तू मघाशी म्हणालास, निकाल लागला, आत्या ये. तेव्हा ही नुसतं हो म्हणून गप्प बसली असती तर? मी विचारलं तेव्हा आजीवर ढकलून मोकळी झाली असती तर? मी मानलं असतं. पुन्हा तसंच चाललं असतं. त्या अंधेरीच्या माणसाला मी सात वेळा विचारलं, खरंच फरक पडलाय का? त्याने सात वेळा हो सांगितलं.

जयवंत : मग काय, आरती ओवाळू हिची?

सुलक्षणा : पोरीला दवाखान्यात ने. तिला काही झालेलं नसेल, पण ने. आणि आत्या, ती मोहरीची उशी कुंदाकडून परत घे. पुन्हा कोणाला देऊ नकोस.

शेवंती : चुलीत घालतंय.

सुलक्षणा : आणि ज्यांना ज्यांना सांगितलंस, घराण्यातलं आहे म्हणून, त्यातली किती जवळपास राहतात?

शेवंती : चार-पाच आसत. एक तर ह्याच गल्लीत.

सुलक्षणा : त्यांना सांगायचं.

शेवंती : काय सांगू? माका ठावक नाय, असा?

सुलक्षणा : असंच.

शेवंती : थुंकतीत तोंडार.

सुलक्षणा : थुंकू देत.

शेवंती : बाय... तुझ्या गालाक हात लावू? दाबूचंय नाय. नुसतो.

सुलक्षणा : नको.

जयवंत : चल मग. उशीर होतोय.

सुलक्षणा : आत्या, कुंदाला आंघोळ घालता येत नाही. काल पोर तिच्या हातातून दोनदा निसटत होती. उद्या सातला ये. पायावर तू घे, पाणी तू घाल. डोकं मी धरीन.