पोट भरलं की घंटी वाजवा

…आणि वजनाचा काटा तरी कुठे ठेवावा माणसाने? हॉस्पिटलच्या ऐन दारात! वर ती नर्स आकडा असा ओरडते, जणू माझा लिलावच चाललाय! बाकावरची माणसं वर्तमानपत्रं खाली करून बघणार, माझ्याच मापाची आत्या म्हणणार, "माझा आकडा कानात सांग गं बाई!" आणि बाबा? बाबा छताकडे बघणार. हा हत्ती कुणाचा, त्यांना ठाऊकच नाही! "तोंडावर ताबा नाही, दुसरं काय!" हे मात्र छतालाही ऐकू जाईल अशा आवाजात.

तुम्हाला सांगतो, हे वाक्य मी दूधपिता होतो तेव्हापासून ऐकतोय. बाबा म्हणजे रिटायर्ड पीटी मास्तर. अंगावर मूठभर मांस नाही, मान ताठ, ताटात अर्धी वाटी भात आणि नजर माझ्या ताटात! कॉलेजात खुर्चीला जोडलेली लिहायची फळी पोटात रुतायची, पोरं फिदीफिदी हसायची, सोडलं मी कॉलेज. तर म्हणतात काय, "कॉलेज सोडलंस, आता ताटही सोड!" बाप आहे की… जाऊ दे.

म्हणून तर सगळ्यांना तिथे ओढत नेलं हो! त्या हॉस्पिटलात एका डॉक्टरीणबाईंचं संशोधन चालू होतं. काही घराण्यांत माणसं जाड का होतात, ते रक्तातून शोधायचं. 'पोट भरलं' हा निरोप मेंदूपर्यंत पोचवायला एक जीन असतो म्हणे, त्यातलं एक अक्षर चुकलं की निरोप वाटेतच गडप! म्हटलं, एकदा बाईंनी बाबांना तोंडावर सांगावं, 'मास्तर, पोराचा दोष नाही.' बस्स! एवढंच हवं होतं मला.

रक्त झालं, मग जेवण. एकेकाला खोलीत बसवायचं, पुढ्यात उकडलेल्या बटाट्याच्या लगद्याचं हे एवढं पातेलं, शेजारी घंटी. "पोट भरलं की घंटी वाजवा. लाजू नका, खोटं वाजवू नका."

लाजू नका! दाराला हातभर काच, काचेपलीकडे बाबा, आणि त्यांची नजर माझ्या पाठीत! चार घास खाल्ले आणि वाजवली. टण्ण! पोटात कावळे कोकलतायत, पण वाजवली! बाहेर आलो तर म्हणतात, "बघ! मनात आणलं की जमतं!"

मग ते गेले आत. आई म्हणाली, "यांचं काय, दोन घासांत उरकेल."

पाच मिनिटं… दहा… घंटी वाजेचना! मी लावला डोळा काचेला. बाबा खात होते हो! पाठ ताठ, कवायत चालल्यासारखे, घासामागून घास. तळ चमच्याने खरवडला, बोटाने पुसला, बोट चाटलं… आणि हात मांडीवर ठेवून घंटीकडे बघत बसले. नर्सने दार उघडलं, "आजोबा, संपलं की! घंटी?"

"पोट भरल्यावर वाजवायची म्हणालात ना? खोटी कशी वाजवू?"

आता सांगा, हसायला हवं होतं ना मी? 'तोंडावर ताबा…' ओठांवर आलं होतं, तसंच गिळलं. बापाला उघडं बघितल्यासारखं झालं. कान नुसते तापले!

पुढे बाईंनी बोलावून सांगितलं, अक्षर चुकलंय. माझं, आत्याचं… आणि मास्तरांचं. वर बाईंना कोण आनंद! "जाड माणसं मला रोज भेटतात हो, हे अक्षर चुकूनही बारीक राहिलेला माणूस भेटत नाही! मास्तर, तुम्ही करता तरी काय?"

"काही नाही. भूक लागते. गप्प बसतो."

"कधीपासून?"

बाबा छताकडे बघायला लागले.

"म्हणजे पोराचाही दोष नाही बरं का, मास्तर," बाई म्हणाल्या. म्हणाल्या एकदाच्या! आणि मी खाली मान घालून चपलेचा अंगठा बघतोय! एवढ्या एका वाक्यासाठी बापाची जन्माची भूक चव्हाट्यावर मांडली मी… कोण बोलतंय बघा, खोटी घंटी वाजवून आलेला!

आता घरात 'ताबा' हा शब्दच बंद. आईचं जेवण झालं की ती चमचा ताटावर आपटते. टण्ण! "वाजली तुमची घंटी. उठा दोघं." उठतो. हात धुताना एकमेकांकडे बघत नाही. पूर्वी वाटायचं, या घरात उपाशी उठणारा मी एकटाच. एकटा कसला… सोबत होती की रोजची! म्हातारा बोलला नाही, एवढंच.